आधी दोघांनी बसावे



लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. उपासनेच्या ‘क’ वर्षी, सामान्य काळातील २३व्या रविवारी आपण तो ऐकतो. बुरूज बांधायचा तर माणूस आधी बसतो, खर्चाचा अंदाज घेतो आणि काम तडीस नेण्याइतकी ऐपत आपल्याकडे आहे का ते पाहतो. नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि येणारे-जाणारे हसतात.

हा दाखला आम्ही दोघांनी लहानपणापासून कितीतरी वेळा ऐकला होता. त्याचा अर्थ मात्र आम्हांला लग्नाच्या चौदाव्या वर्षी कळला, आणि त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. धर्मग्रामातील विवाहपूर्व शिबिरात तरुण जोडप्यांशी बोलताना आम्ही ही गोष्ट सांगतो. आज ती आपल्यापुढे ठेवत आहोत.

आमचे घर वाडीतले, जुने. त्या वर्षी नाताळापूर्वी स्वयंपाकघराला नवा ओटा करावा, लाद्या बसवाव्यात आणि पडवी पुढे वाढवावी असे आमच्यातल्या नवऱ्याच्या मनात आले. “तिला कशाला विचारायचे? झाल्यावर बघून खूशच होईल,” असे म्हणून त्याने पतपेढीतून कर्ज काढले. त्याच वेळी आमच्यातली बायको गेली तीन वर्षे घरखर्चातून थोडे थोडे बाजूला टाकत होती. तिच्या आईला एकदा वेलंकनीला जायचे होते. आजारपणात केलेला नवस होता तो. “त्याला कशाला सांगायचे? जमले की सांगू,” असे म्हणून तिने ते पैसे तांदळाच्या डब्यामागे ठेवले होते.

मिस्त्रीकडून आम्ही लेखी अंदाज घेतला नव्हता. जुनी लादी उखडल्यावर खालची जमीन खचलेली निघाली. भिंतीतून ओल वर चढलेली होती. कर्जाचे पैसे संपले आणि काम अर्ध्यावर थांबले. स्वयंपाकघर उघडे पडले, चूल पडवीत आली, आणि मग तांदळाच्या डब्यामागचे पैसेही बाहेर आले. ओटा पूर्ण झाला. “पुढच्या वर्षी जाऊ गं, मतमाऊली कुठे पळून जातेय?” असे आई हसून म्हणाली. पुढच्या प्रायश्चित्तकाळात ती देवाघरी गेली.

त्या नव्या ओट्यावर कित्येक दिवस आम्ही एकमेकांशी न बोलता स्वयंपाक केला. कोणाची चूक, यावर भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते.

बंधू-भगिनींनो, आम्ही उधळे नव्हतो. दोघेही काटकसरी होतो. दोघांच्याही मनात दुसऱ्यासाठी चांगलेच होते. दोघांनीही हिशेब केला होता, पण तो दोघांनी मिळून केला नव्हता. बुरूज बांधणारा माणूस आधी बसतो, असे प्रभू सांगतो. विवाहसंस्काराने जी दोन माणसे एक झाली आहेत त्यांच्यापैकी एकच जण बसला, तर तो अर्धाच माणूस बसला. राहिलेले अर्धे उभेच असते, आणि त्याला काहीच ठाऊक नसते.

पवित्र कुटुंबाचा प्रवास

पैशांचा विचार हा संसारी विचार, त्याचा भक्तीशी काय संबंध, असे काहींना वाटेल. पण शुभवर्तमान उघडून पाहा. योसेफ आणि मरिया दरवर्षी वल्हांडण सणासाठी यरुशलेमला जात असत, असे संत लूक लिहितो. नाझरेथहून यरुशलेम म्हणजे पायी काही दिवसांची वाट. ती दोघे एकटी जात नव्हती, नातलग आणि ओळखीच्यांच्या जथ्यातून जात होती. बाळ येशूला मंदिरात अर्पण करण्याची वेळ आली तेव्हा नियमशास्त्राने गरिबांना दिलेली सवलत त्यांनी घेतली. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्ले द्यावीत, असे लेवीय ग्रंथात सांगितले आहे. देवाच्या आईवडिलांनी कर्ज काढून कोकरू आणले नाही. लोक काय म्हणतील याची त्यांना भीती नव्हती. त्यांच्या हातातील पाखरे लहान होती, पण त्यांच्या कवेतील अर्पण जगात सर्वांत मोठे होते.

तोबितच्या ग्रंथातही एक प्रवास आहे. आंधळा झालेला पिता मुलाला दूरच्या मेदिया देशात पाठवतो. निघण्याआधी तो सोबत्याची चौकशी करतो आणि दिवसाची मजुरी ठरवतो. दिवसाला एक द्राख्मा, शिवाय वाटखर्च. तो सोबती म्हणजे प्रत्यक्ष देवदूत राफाएल, हे त्याला ठाऊक नसते! मजुरी आधी ठरवली म्हणून देवदूत रागावला नाही. त्याच प्रवासात तोबियास आणि सारा यांचे लग्न होते, आणि पहिल्याच रात्री ती दोघे उठून एकत्र प्रार्थना करतात. हिशेब आणि प्रार्थना यांचे वैर नाही. दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच टेबलावर होऊ शकतात.

आमची वही

आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सानंतर आम्ही दोघे घरी येऊन त्याच ओट्याशी बसलो आणि शंभर पानांची एक वही उघडली. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्साहून आल्यावर, आम्ही वही घेऊन बसतो. आधी एक ‘आमच्या बापा’, मग हिशेब. वहीत तीन रकाने आहेत: घराचे, आनंदाचे आणि इतरांचे. कोणतेही काम दोघांच्या होकाराशिवाय वहीत चढत नाही. एकाचे मन नसेल तर ते पुढच्या महिन्यावर जाते. ‘इतरांचे’ या रकान्यात रक्कम आधी लिहायची, उरलेल्यातून नव्हे, हाही नियम आहे. आपल्या गावात संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीचे काम असेल तर त्यांना विचारा. कोणाच्या छपरातून पाणी गळते ते त्यांना ठाऊक असते.

या वहीने आम्हांला काही साध्या गोष्टी शिकवल्या.

घराच्या कामात आधी गळती, मग रंग. ओल्या भिंतीवर कितीही चांगला रंग लावला तरी त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून पावसाळ्याआधी कौले किंवा गच्ची पाहून घ्यावी, आणि रंगाचे काम पाऊस संपून भिंत वाळल्यावर, नाताळापूर्वी करावे. दुकानात जाण्याआधी भिंती मोजाव्यात. १० बाय १२ फुटांची खोली आणि १० फूट उंची असेल तर चार भिंती ४४० चौरस फूट भरतात. दार-खिडकी वजा केल्यावर सुमारे ४०० उरतात. एक लीटर रंग किती चौरस फुटांना पुरतो ते डब्यावर लिहिलेले असते. मिस्त्रीकडून अंदाज लेखी घ्यावा, पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्यावेत, आणि जुन्या घरात न दिसणाऱ्या खर्चासाठी काही रक्कम बाजूला ठेवावी. एका वेळी एकच काम. खोलीचा रंग आम्ही दोघांनी स्वतः लावला. एक शिडीवर, एक खाली. आल्तारामागच्या भिंतीवर रंगाचे ओघळ आले आहेत, पण त्या दिवशी आम्ही जितके बोललो तितके वर्षभरात बोललो नव्हतो.

प्रवासाचेही तसेच. दर महिन्याला १,५०० रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला १८,००० होतात. तेवढ्यात काय बसते ते पाहावे आणि तेच ठरवावे. वेलंकनीला २९ ऑगस्टला ध्वज चढतो आणि ८ सप्टेंबरला सण असतो. त्या दिवसांतली गर्दी आणि खोल्यांचे भाव झेपत नसतील तर इतर महिन्यांत जावे. माऊली वर्षभर तिथेच असते. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणून तारीख वहीत लिहून ठेवावी. गोव्यासाठी ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे टर्मिनसहून वसई रोडमार्गे मडगावला गाडी सुरू झाली, त्यामुळे वसईकरांची दादरची दगदग वाचली. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासमोर गुडघे टेकायला पवित्र अवशेषांच्या दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या प्रदर्शनाची वाट पाहावी लागत नाही.

आणि तेवढेही जमत नसेल तर? वसईच्या किल्ल्यात जा. संत गोन्सालो गार्सिया याच मातीत जन्मले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण दिले, आणि १८६२ साली त्यांना संतपद लाभले. जपानपर्यंत गेलेल्या या संताच्या गावी पोहोचायला आपल्याला फार तर रिक्षाचे भाडे लागते. डब्यात भाकरी आणि सुकट घ्या, सोबत जपमाळ घ्या, आणि दोघेच जा. मुले एक दिवस आजीकडे राहतील. कित्येक जोडप्यांना लग्नानंतर एकमेकांसोबत निवांत चालायलाही मिळालेले नसते.

हिशेब कशासाठी?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रभू येशूने बुरुजाचा दाखला बचतीचे धडे देण्यासाठी सांगितला नाही. तो दाखला संपतो तिथे प्रभू फार कठीण गोष्ट बोलतो: जो आपले सर्वस्व सोडत नाही त्याला त्याचा शिष्य होता येत नाही. म्हणजे हिशेब करायचा तो साठवण्यासाठी नव्हे, सोडण्यासाठी. आपण काय सोडणार आहोत हे शिष्याला आधीच ठाऊक असावे, एवढे प्रभूचे मागणे आहे.

संसारात आधी काय सोडायचे? आमच्या अनुभवाने सांगतो, ‘माझे’ हा शब्द सोडायचा. माझा पगार, माझी बचत, माझे घर, माझी आई. गुपचूप काढलेले कर्ज आणि गुपचूप केलेली बचत, दोन्ही याच शब्दातून जन्मतात. एक लपवणे वाईट दिसते, दुसरे शहाणपणाचे दिसते. दोन्हींत जोडीदारावरचा अविश्वास सारखाच असतो. आमच्या घरात आईचा नवस अपुरा राहिला तो पैसे नव्हते म्हणून नव्हे. पैसे होते. एकमेकांना सांगण्याचे धैर्य नव्हते.

आज हे वाचणाऱ्यांपैकी काही जण अर्धवट बुरुजापाशी उभे असतील. हप्ते चालू आहेत, काम थांबले आहे, आणि घरात बोलणे बंद आहे. तुम्हांला आम्ही काना गावी नेतो. तिथल्या यजमानांचाही अंदाज चुकला होता. लग्नाच्या पंगतीत द्राक्षारस संपला, म्हणजे केवढी नामुष्की! पण पवित्र मरियेने त्यांना दोष दिला नाही आणि येशूने हिशेब विचारला नाही. सहा दगडी रांजण होते, ते चाकरांनी काठोकाठ पाण्याने भरले. बाकीचे प्रभूने केले. रांजण भरण्याचे काम मात्र माणसांचेच होते. आपल्या घरातला रिकामा रांजण म्हणजे न बोललेली गोष्ट. ती आज रात्री बोला. आपली चूक आधी सांगा, जोडीदाराची नंतर. कर्ज एका रात्रीत फिटणार नाही, पण ते दोघांचे होईल.

दोन वर्षांनी, सणाचे दिवस टाळून, स्लीपरच्या डब्यातून आम्ही वेलंकनीला गेलो. आईची जपमाळ सोबत होती. तिच्या नावाची मेणबत्ती लावताना आम्ही दोघेही रडलो, आणि कितीतरी दिवसांनी एकमेकांचा हात धरला. माऊलीने आमचा उशीर पदरात घेतला असे वाटले. तरीही आईला हाताला धरून न्यायचे राहिले ते राहिलेच. म्हणून आपल्याला कळकळीने सांगतो: ज्यांना सोबत न्यायचे आहे त्यांचे नाव वहीत सर्वांत वर लिहा. ओटा थांबू शकतो.

या आठवड्यासाठी एक लहानसे व्रत घेऊ या. एका संध्याकाळी टीव्ही आणि मोबाईल बंद करून नवरा-बायकोने आल्तारासमोर बसावे, एक जपमाळ करावी आणि एकमेकांना एकच प्रश्न विचारावा: “तुझ्या मनात असे काय आहे जे तू मला सांगितलेले नाहीस?” मग वही उघडावी.

हे प्रभू, नाझरेथच्या लहानशा घरात तू मोठा झालास, सुताराच्या हाताखाली काम शिकलास आणि आईवडिलांबरोबर यात्रेला चालत गेलास. आमच्या घरातील लहान कामांवर आणि लहान प्रवासांवर तुझी कृपा असू दे. आम्हांला एकमेकांपासून काहीही न लपवण्याचे धैर्य दे. आमच्या बुरुजाचा पाया तूच हो. आमेन.