११ महिन्यांचा करार, १२ वर्षांचा कुत्रा

गेल्या महिन्यात ऑफिसच्या ग्रुपवर एक फोटो आला. कर्वेनगरात एका बांधकामाच्या साइटवर, वाळूच्या ढिगात सापडलेली चार पिल्लं. तिघांना घरं मिळाली होती, चौथं उरलं होतं. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. खाली प्रश्न होता, 'कुणाला हवंय?' मी 'मला' असं टाइप केलं आणि पाठवायच्या आधी खोडलं. रात्री पुन्हा टाइप केलं, पुन्हा खोडलं.

माझी परिस्थिती पुण्यात राहणाऱ्या निम्म्या वाचकांसारखीच आहे. मैत्रिणीबरोबर भाड्याचा टू-बीएचके, करार ११ महिन्यांचा. आठवड्यातले तीन दिवस हिंजवडी, आणि हिंजवडी म्हटल्यावर जाण्या-येण्याला किती वेळ लागतो हे सांगायला नको. पुढच्या वर्षी मी याच कंपनीत, याच शहरात असेन का, ठाऊक नाही. कुत्रा साधारण १० ते १३ वर्षं जगतो. मला पुढच्या १२ महिन्यांची खात्री नाही आणि मी १२ वर्षांचा विचार करत होते.

नेटवर अशा वेळी उपयोगी पडणाऱ्या याद्या मिळतात. रोज दोनदा फिरवायला वेळ आहे का? लशी, डॉक्टर, खाणं यांचा खर्च झेपेल का? महापालिकेचा परवाना काढाल का? एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला भिडतो, तेव्हा बर्फाळ प्रदेशातली केसाळ हस्की आणणं त्या जिवावर अन्याय नाही का? प्रश्न रास्त आहेत. मी सगळी यादी भरली आणि बऱ्यापैकी पासही झाले. तरी 'मला' पाठवता येईना. कारण या याद्या कुत्र्याकडे फ्रिजसारखं बघतात: दारातून आत जाईल का, कोपऱ्यात मावेल का, बिल किती येईल. माझी अडचण जागेची नव्हती. शब्दाची होती.

आपण माणसाला शब्द देतो, तेव्हा तो आपल्याला त्यातून मोकळंही करू शकतो. 'जमत नसेल तर राहू दे गं,' असं मैत्रीण म्हणू शकते. घरमालकाला महिन्याची नोटीस देता येते. लग्नातूनही कायद्याने बाहेर पडता येतं. कुत्र्याला दिलेल्या शब्दाचं तसं नाही. त्याने तो मागितलेला नसतो, आणि तो आपल्याला सोडवूही शकत नाही. शब्द पाळला की मोडला, याचा हिशेब फक्त आपल्याकडे राहतो.

हे मला मोत्याने शिकवलं. वाईजवळच्या आमच्या गावच्या घरी मोत्या होता. मी तिसरीत असताना बाबांची पुण्याला बदली झाली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. 'मोत्या तिथे रमायचा नाही,' असं सगळेच म्हणाले, आणि ते कदाचित खरंही होतं. त्याला शेजारच्या काकांकडे ठेवलं. त्याची आबाळ झाली नाही. काकांकडे दोन वेळ भाकरी खायचा आणि झोपायला मात्र आमच्या कुलूप लावलेल्या दारासमोर यायचा. दिवाळीत आम्ही गावी गेलो, तर शेपूट हलवत असा धावत आला, जणू आम्ही सकाळीच बाहेर पडलो होतो. थोडा रुसला असता, भुंकला असता तर बरं झालं असतं. चार दिवसांनी आम्ही परत निघालो. बाबा गाडी चालवत होते. पुण्यापर्यंत काही बोलले नाहीत.

१९६० च्या प्राण्यांविरुद्धच्या क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, प्राण्याला उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आम्ही या कायद्यात कुठेच बसत नाही, मोत्या उपाशी नव्हता. पण कायद्यात न बसणारीही चूक असते. आणि जिथे कायदा लागतो, तिथेही त्याने ठरवलेली किंमत दोन चहा आणि क्रीमरोलएवढी आहे.

लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्था आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे तयार झाली. १९१९ मध्ये सुरू झालेलं काम १९६६ मध्ये पुरं झालं. त्या महाभारतात सुरुवातीलाच एक कुत्रा भेटतो आणि शेवटीही एक. सुरुवातीला जनमेजयाचे भाऊ काही दोष नसताना सरमेच्या पिल्लाला मारतात आणि सरमा जाब विचारते. शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी पोचतो, मागे एक कुत्रा. इंद्र म्हणतो, याला सोड. त्याचा युक्तिवाद अगदी व्यवहारी आहे: भावांना, द्रौपदीला वाटेत सोडून आलास, मग कुत्र्याचंच काय? युधिष्ठिराचं उत्तर असं की ती सगळी मेली होती, त्यांना मी जिवंत करू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. आणि हा जिवंत आहे, माझ्या आधाराने आला आहे.

ही गोष्ट आपण प्राणिप्रेमाची म्हणून सांगतो. पण युधिष्ठिराने तो कुत्रा पाळलेला नव्हता. तो आपणहून मागे आला होता. मागे आलेल्याचं एवढं देणं लागत असेल, तर हौसेने उचलून घरी आणलेल्याचं किती?

यावर मैत्रिणीने मला बरोबर पकडलं. 'खात्री होईपर्यंत थांबायचं, तर कुणीच काही करायचं नाही. लोक खात्री नसताना मुलं जन्माला घालतात. तू तत्त्वं घोळत बस, पिल्लू वाळूतच राहील.' खरं आहे. खात्री कुणालाच नसते. पण लहान मुलामागे आजी-आजोबा, मामा, काकू उभे असतात. मी नसले तर कोण, याला तिथे उत्तर असतं. म्हणून मी यादीतले 'किती' विचारणारे प्रश्न बाजूला ठेवले आणि एकच 'कोण' विचारला: माझी बदली झाली, मी आजारी पडले, तर हा कुणाचा? ज्याचं नाव घ्यायचं, त्याला विचारलंय का? मी आईला फोन केला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'आता मोत्यासारखं पुन्हा नको गं.'

आणि एक साधी गोष्ट होती. सोसायटीला कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते हक्काचं बोलणं मला पाठ होतं. पण माझ्या भाडेकरारात 'पाळीव प्राणी ठेवू नयेत' असं कलम आहे आणि खाली सही माझी आहे. एक शब्द मोडून दुसरा द्यायचा, ही सुरुवात चांगली नव्हती.

शेवटी मी ग्रुपवर लिहिलं, 'कायमचं नाही. घर मिळेपर्यंत एक महिना मी सांभाळते.' घरमालक काकांना फोन केला. महिन्याभराला ते हो म्हणाले. पाळता येईल एवढाच शब्द द्यावा, आणि तेवढा पूर्ण द्यावा, असं मी ठरवलं.

आज विसावा दिवस आहे. पहिली लस झाली, माझी एक चप्पल गेली. धायरीचं एक कुटुंब रविवारी बघायला येणार आहे. घरात आजोबा असतात, स्वतःचं घर आहे, पूर्वी कुत्रा पाळलेला आहे, आणि तो म्हातारा होऊन त्यांच्याच घरी गेला. मी फोनवर सगळ्यात आधी तेच विचारलं होतं. पिल्लू लहान आहे, नव्या घराला सरावेल.

मी त्याला नाव ठेवलेलं नाही. ते त्यांनी ठेवावं. आत्ता ते माझ्या पायावर डोकं टेकून झोपलंय, आणि 'मला' लिहायचा मोह अजून पुरता गेलेला नाही.