शब्द उलटला म्हणजे सत्यही उलटते काय?

इंग्रजी भाषेत ‘विकेड’ असा एक शब्द आहे. कोशात त्याचा मूळ अर्थ दुष्ट, पापी, दुराचारी असा दिलेला असतो. चेटूक करणारा, अशा अर्थाच्या एका प्राचीन शब्दापासून तो निघाला असावा असे व्युत्पत्तिकार मानतात. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलात तो पुष्कळ ठिकाणी आला आहे, व तेथे तो दुष्टपणाच दर्शवितो. परंतु विलायतेतील एखादा तरुण चांगला खेळ पाहून ‘विकेड!’ असे उद्गारतो, तेव्हा ‘फारच उत्तम’ एवढेच त्याच्या मनात असते. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या १९२० सालच्या पहिल्या कादंबरीतही हा शब्द प्रशंसेच्या अर्थी आढळतो. अमेरिकेत बॉस्टन शहराच्या आसपास तर ‘अतिशय’ ह्या अर्थी तो योजतात. म्हणजे सज्जन मनुष्यही तेथे ‘विकेड चांगला’ असू शकतो.

आता प्रश्न असा की, पापाचे नाव प्रशंसेस लावणारा मनुष्य खोटे बोलतो काय? वाइटास बरे व बऱ्यास वाईट म्हणणाऱ्यांचा यशया संदेष्ट्याने कडक निषेध केला आहे (यशया ५:२०). तो दोष ह्या तरुणास लागू पडतो काय?

आपल्याच भाषेकडे पाहू. ‘जेवण भयंकर आवडले’ असे पाहुणा म्हणतो, तेव्हा यजमानीण भयभीत होत नाही. ‘मुलाने चांगले दिवे लावले’ असे बाप म्हणतो, तेव्हा शेजारी त्याचे अभिनंदन करावयास जात नाहीत. कारण शब्दाचा अर्थ केवळ त्याच्या अक्षरांत नसतो. बोलणारा व ऐकणारा ह्या उभयतांच्या समजुतीत तो असतो. लबाडी ती, जिच्यात ऐकणाऱ्यास फसविण्याचा हेतू असतो. जेथे दोघांसही खरा अर्थ ठाऊक आहे, तेथे शब्द उलटला तरी सत्य जागच्या जागीच राहते.

कधी कधी तर शब्द उलटण्यात न्यायही असू शकतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीत ‘बॅड’, म्हणजे वाईट, हा शब्द ‘उत्तम’ ह्या अर्थी १९व्या शतकाच्या अखेरीपासून छापलेला सापडतो. तेथील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने बंद झाली. गुलामांच्या मालकाच्या दृष्टीने जो मान वाकवीत नाही तो ‘वाईट’. पण त्याच्या भाऊबंदांच्या दृष्टीने तोच धैर्यवान. ह्या अर्थांतराचे एक कारण हेच असावे असे काही अभ्यासक सांगतात. तसे असेल, तर तेथे वाइटास बरे म्हटले गेले नाही. ज्यास अन्यायाने वाईट ठरविले होते, त्यास त्याचे खरे नाव परत मिळाले.

येथे कोणी अशी शंका काढील की, जिभेस जी सवय लागते ती हळूहळू मनासही लागते. मग पापाचे नाव गमतीने घेता घेता पापाविषयीचा तिटकाराच कमी होणार नाही काय? ही शंका अगदीच पोकळ नाही. इंग्रजीत ‘सिली’ म्हणजे मूर्ख. परंतु प्राचीन काळी त्याच शब्दाचा अर्थ सुखी, धन्य असा होता. त्याच कुळातला जर्मन शब्द आजही ‘धन्य’ ह्या अर्थी वापरतात. इंग्रजी शब्द मात्र धन्य, मग निष्पाप, मग बापडा, मग दुबळा आणि शेवटी मूर्ख, असा पायरी पायरीने उतरत गेला. निष्कपट मनुष्यास जग शेवटी काय समजते, ह्याची जणू ही नोंदच होय. तरीही ध्यानात घ्यावे की, जगाची ही दृष्टी शब्दाने उत्पन्न केली नाही. शब्द तिच्या मागोमाग चालत गेला.

म्हणून खरा धोका आपण दुसरीकडे शोधला पाहिजे. तो मुलांच्या ‘विकेड’मध्ये नसून प्रौढांच्या गोड शब्दांत आहे. कचेरीत लाच द्यावयाची, तिला आपण ‘चहापाणी’ म्हणतो. हुंडा घेतला, तर ‘त्यांनी आपखुशीने दिले’ म्हणतो. बायकोवर हात उचलला, तर ‘जरा समज दिली’ म्हणतो. हे शब्द ऐकावयास किती सौम्य आहेत! त्यांत शिवी नाही, उर्मटपणा नाही. पण ते वाईट कृत्यावर पांघरूण घालतात, आणि त्या पांघरुणाखाली पहिल्याने आपलीच सदसद्विवेकबुद्धी झोपी जाते. उलटा शब्द हसत हसत आपला अर्थ उघड करतो. गोड शब्द तो लपवितो. संदेष्ट्याचा निषेध ज्यांस लागू पडतो ते हेच गोड शब्द होत.

मग पारख कशी करावी? ज्याच्यावर प्रसंग गुदरला आहे, त्याने तोच शब्द स्वीकारला असता काय, हे विचारावे. ‘विकेड’ म्हणून ज्या खेळाडूची प्रशंसा झाली, तो संतोषाने हसेल. पण ज्या विधवेने आपल्या सात-बाराच्या उताऱ्यासाठी पदरचे पैसे मोजले, ती त्यास ‘चहापाणी’ म्हणेल काय? ज्या मुलीच्या बापाने लग्नापायी जमीन गहाण टाकली, तो त्यास ‘आपखुशी’ म्हणेल काय? सोसणाऱ्याच्या तोंडी जो शब्द बसत नाही, तो आपणही तोंडातून काढू नये.

तेव्हा, वाचकहो, मुलांनी शहरातून नवा शब्द आणला तर त्यांवर एकदम रागावू नका. त्याचा अर्थ त्यांस विचारा, म्हणजे ते तो आनंदाने सांगतील. मग आपल्या घरात कित्येक वर्षे रुळलेल्या एखाद्या जुन्या, गोड शब्दाचा अर्थ त्यांनी आपणांस विचारला, तर तो तितक्याच मोकळेपणाने सांगता येईल काय, ह्याचा प्रत्येकाने विचार करावा.