ना दाणा, ना सुटका

२००१ साली सौदी उलेमांनी 'पोकेमॉन'विरुद्ध फतवा दिला. पत्त्यांत जुगार आहे, प्राण्यांच्या रूपबदलात उत्क्रांतिवाद डोकावतो, असे आक्षेप होते. आम्हाला मात्र दुसराच प्रश्न सतावतो : जिवाला पकडून 'माझा' म्हणण्याचा हक्क कुणाला?

सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करीत. टोकियोलगतची शेते-तळी शहराने गिळली. तो आनंद मुलांना पुन्हा मिळावा म्हणून त्यांनी रचलेला हा खेळ १९९६ मध्ये जपानात आला. रानोमाळ हिंडायचे, प्राण्याला झुंजीत दमवायचे, चेंडूत कोंडायचे, मग पाळीपाळीने इतरांशी लढवायचे. हरलेला मरत नाही, मूर्च्छित होतो. पडद्यावरच्या चित्राला वेदना नसतात, हे खरे. पण खेळणाऱ्याला सवय लागतेच.

खेळ करणाऱ्यांनीच २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट'मध्ये हा प्रश्न मांडला. प्राण्यांची बोली जाणणारा 'एन' त्यांची मुक्तता मागतो. त्याच्या आडून गेत्सिसला मात्र सर्वांना निःशस्त्र करून एकट्याची सत्ता हवी असते. म्हणजे मुक्तीचा नारा देणाऱ्याचीही नियत पाहावी लागते.

मांजर कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो. तिने ना खाऊ घातले, ना सोडले. पाळणे हा तिचा गुनाह नव्हता. पाळलेल्याची अमानत तिने विसरली. दीडशे प्राणी जमवणाऱ्या मुलाच्या हातून खेळ हिसकावण्याआधी आपण त्याला विचारावे : बेटा, यातल्या कितींकडे तू पुन्हा वळून पाहिलेस?