मग केलं कुणी?

२१ जुलै २०२५ ची संध्याकाळ. चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकलमध्ये रोजचीच रेटारेटी होती, पण बोलणं एकाच गोष्टीचं चाललं होतं. ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने त्या दिवशी निर्दोष ठरवलं होतं. मीरा रोड गेलं, भाईंदरला उतरणारे दाराकडे सरकले, आणि त्यांतले एक वयस्कर गृहस्थ कुणाकडेही न बघता म्हणाले, "मग केलं कुणी?" कुणीच उत्तर दिलं नाही. त्या सात बॉम्बांपैकी एक मीरा रोड आणि भाईंदरच्या मधल्या याच टप्प्यात फुटला होता.

फाशीची शिक्षा कायद्यातून जावी, असं मी बरीच वर्षं मानतो आणि जमेल तिथे बोलतोही. त्या एका प्रश्नाने मला आम्हा विरोधकांची चूक दाखवली. आम्ही सुरुवात करतो आरोपीपासून: त्याचे हक्क, त्याचं दारिद्र्य, त्याला मिळालेला कच्चा वकील. ऐकणारा सुरुवात करतो गेलेल्या माणसापासून. दोघांची वाट पहिल्याच वाक्याला फुटते. मग आम्ही त्याला सूडबुद्धीचा ठरवतो, तो आम्हाला गुन्हेगारांचा कैवारी म्हणतो, आणि बोलणं तिथेच संपतं. या शहरात तरी सुरुवात त्याच्याच प्रश्नापासून करायला हवी.

११ जुलै २००६ ला अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत, सगळे कामावरून घरी परतणाऱ्यांच्या गर्दीत. खटल्याच्या नोंदींप्रमाणे १८९ माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. सप्टेंबर २०१५ मध्ये मकोका न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी घरांना एकदाचा हिशेब मिटला असं वाटलं. त्या वाटण्यात चूक कसली? न्यायालयाने सांगितलं, लोकांनी मानलं.

जवळपास दहा वर्षांनी न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने तेच पुरावे तपासले, तेव्हा हातात फारसं काही उरलं नाही. कबुलीजबाब एकमेकांची नक्कल वाटावी इतके सारखे होते. ओळख परेड ज्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी बोलले होते. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, एवढंसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडलं नाही. खंडपीठाने निकालात मांडलेला एक विचार मात्र मला त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ वाटतो. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की लोकांना खोटं समाधान मिळतं, आणि खरा धोका मोकळाच राहतो.

फाशीला माझा विरोध आहे तो मुख्यतः इथे. फाशी तपासाला झाकून टाकते. एवढी मोठी शिक्षा झाली म्हणजे तपास चोख झालाच असणार, असं आपण धरून चालतो आणि तपासाविषयी विचारायचं सोडून देतो.

कुणी म्हणेल, उच्च न्यायालय आहेच ना, त्याच्या मान्यतेवाचून फाशी होत नाही. खरं आहे. पण नाशिकचं प्रकरण पाहा. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे खून आणि बलात्कार. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, आणि ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा फाशी केली. याच्यावर दुसरं न्यायालय नाही. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला आणि सहाही जणांना निर्दोष ठरवलं. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंमधून चार भलतीच माणसं ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांच्या मोबदल्यात प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायचा आदेश झाला. आणि त्या बाईला, जिच्या घरात हे घडलं तिला, काय मिळालं? तोच प्रश्न. मग केलं कुणी?

जनमत घडवण्याचा खटाटोप हवाच कशाला, संसदेने कायदा केला की झालं, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. ते फ्रान्सचं उदाहरण देतात. १९८१ मध्ये तिथले न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांनी फाशी रद्द करून घेतली, तेव्हा चाचण्यांमध्ये बहुसंख्य लोक फाशीच्याच बाजूने होते. आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. १९८० च्या बचन सिंग निकालाने फाशी 'दुर्मीळातल्या दुर्मीळ' प्रकरणांपुरती ठेवली. १९८३ च्या मच्छी सिंग निकालाने त्या मोजमापात समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी आणून बसवली. म्हणजे रस्त्यावरचा क्षोभ इथे थेट निकालपत्रात शिरू शकतो. लोकांचं मन बदललं तर कायद्याचं एक अक्षर न बदलता फाशा कमी होतील.

ते मन कसं आहे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्थानकात दिसलं. लोक तासन्‌तास रुळांवर बसून होते आणि फाशी मागत होते. त्या मागणीला नावं ठेवणं मला जमत नाही. दोन चिमुरड्यांवर शाळेत अत्याचार झाला होता आणि तक्रार नोंदवायला आईबापांना पोलीस ठाण्यात ताटकळत बसावं लागलं होतं. राग आधी त्या ताटकळण्याचा होता. तक्रार तासाभरात नोंदली गेली असती, वैद्यकीय तपासणी वेळेत झाली असती, शाळेला लगेच जाब विचारला गेला असता, तर किती लोक रुळांवर उतरले असते? पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्यावरचा खटला उभाच राहिला नाही आणि न्यायालयात जे उघड व्हायचं ते त्याच्याबरोबर गेलं.

दुसरी गाठ जन्मठेपेची. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग सुटून आपल्याच गल्लीत, ही समजूत घराघरात पक्की आहे, आणि माझ्या अनुभवात फाशीच्या मागणीमागे पुष्कळदा हीच भीती असते. कायदा तसा नाही. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालापासून कोणतीही सूट न देता मरेपर्यंतची जन्मठेप ठोठावता येते. शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तिघांची फाशी रद्द केली, पण ते कधीही बाहेर येणार नाहीत अशीच शिक्षा दिली. हे सांगितलं की समोरच्याचा आवाज खाली येतो. मी हे सोसायटीच्या बैठकीत पाहिलं आहे, लग्नाच्या पंगतीत पाहिलं आहे.

न्यायमूर्ती ए. पी. शाह यांच्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये फाशी रद्द करण्याची शिफारस केली, मात्र दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे अपवाद ठेवले. महिनाभरात आमच्या लोकलच्या खटल्यात, म्हणजे नेमक्या त्या अपवादात, पाच फाशा सुनावल्या गेल्या. आयोगाचा मी आदर करतो, पण हा अपवाद मला उलटा वाटतो. दहशतवादी गुन्ह्यातच पोलिसांवर दडपण सर्वांत जास्त असतं, आणि पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालवून घेणारे मकोकासारखे कायदे तिथेच लागतात. चूक होण्याची शक्यता जिथे सर्वांत मोठी, तिथेच आपण न सुधारता येणारी शिक्षा राखून ठेवतो. डॉ. आंबेडकरांनी ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत फाशी सरसकट रद्द करणंच या देशाला योग्य ठरेल असं म्हटलं होतं, तेव्हा त्यांनी असा अपवाद काढला नव्हता.

लोकलच्या खटल्यात फाशी सुनावलेल्या त्या पाचांपैकी एक जण सुटला नाही. २०२१ मध्ये नागपूर तुरुंगात असताना तो कोविडने गेला होता. निकालानंतर त्याच्या माणसांनी नागपूरच्या कबरस्तानात त्याच्या कबरीपाशी उभं राहून त्याला तो वाचून दाखवला. इकडे मीरा रोड-भाईंदरच्या मधून गाडी रोज जाते, आणि त्या गृहस्थांना उत्तर देणं अजून बाकी आहे.