वाकडे तास

इंग्रजीत ‘प्रिव्हॅरिकेशन’ असा एक शब्द आहे. सरळ उत्तर न देता शब्दांच्या आडोशाने सत्य टाळणे, हा त्याचा आजचा अर्थ. आपण त्यास उडवाउडवी म्हणतो. परंतु या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास तो आपणास थेट शेतात नेतो.

मूळ लॅटिन शब्दात पाय फाकून वाकडे चालण्याचा भाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे, की जो नांगरणारा कामावर वाकत नाही त्याचे तास वाकडे जाते. आणि शेतातला हाच शब्द पुढे न्यायसभेत गेला.

न्यायसभेत त्याचा अर्थ अधिक गंभीर झाला. त्या काळी रोममध्ये फिर्याद चालविण्याचे काम एखादा नागरिकच पत्करीत असे. वरून आरोप करणारा, पण आतून आरोपीला सामील असलेला जो फिर्यादी, त्याच्या अपराधाला हे नाव होते. इ. स. पूर्व ७० मध्ये सिसिलीचा लुटारू सुभेदार व्हेरेस याच्यावर खटला भरला गेला, तेव्हा त्याच्याच हाताखाली काम केलेला कैकिलियस फिर्यादी होऊ पाहत होता. सिसेरोने त्यास हरकत घेतली आणि ते काम स्वतःकडे घेतले. पुढे व्हेरेसला रोम सोडून पळावे लागले.

आपल्या न्यायशास्त्रात गौतमांनी छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘नवकंबल’ म्हणणाऱ्याच्या मनात नवे कांबळे असते. छल करणारा ‘नऊ कांबळी कोठे आहेत?’ असे विचारतो. छलात दुसऱ्याचा शब्द वाकविला जातो. येथे मनुष्य स्वतःचाच शब्द वाकवितो.

ऋणको म्हणतो, “कालच तुमच्याकडे माणूस पाठविला होता.” माणूस गेला होता हे खरे, पण तो पैसे घेऊन गेला नव्हता. यातला एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही सर्व बोलणे खोटे आहे.

उघड खोटे बोलणारास आपण खोटे बोललो हे ठाऊक असते. म्हणून त्याला पश्चात्तापाची वाट मोकळी राहते. उडवाउडवी करणारा मात्र ‘मी खोटे कोठे बोललो?’ असे स्वतःलाच विचारून सुटतो. अंतःकरणाच्या न्यायसभेत फिर्यादीही तोच आणि आरोपीही तोच. दोघे आतून सामील असल्यावर निकाल काय लागणार?

मग प्रत्येक गोष्ट सांगितलीच पाहिजे काय? तसे नव्हे. दुसऱ्याचे गुपित राखावयाचे असेल तर ‘हे मी सांगणार नाही’ असे म्हणावे. ते तास सरळच आहे. मौन वाकडे नसते. ऐकणाऱ्याची चुकीची समजूत व्हावी म्हणून योजलेले खरे शब्द वाकडे असतात.

तेव्हा साधकाने ‘माझे शब्द खरे होते काय?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘ऐकणारा काय समजून गेला, आणि त्याने तसेच समजावे अशी माझी इच्छा होती काय?’ हेही विचारावे. सरळ तासासाठी नांगरणाऱ्याला वाकावे लागते. सरळ बोलण्यासाठी अहंकाराला.