फलनिष्पत्तीचा रकाना

माणसाने आयुष्यात 'तात्पुरते' म्हणून काही स्वीकारू नये. बावीस वर्षांपूर्वी आमच्या जळगावच्या मंडळीतला तरुण संघ चालवणारे गृहस्थ बदली होऊन गेले. पाळकसाहेब मला म्हणाले, "दुसरा कुणी मिळेपर्यंत तुम्ही जरा बघा." मी बघायला लागलो, तो अजून बघतोच आहे. तेव्हा मी स्वतः तरुण होतो. आता तरुण संघात तरुण नसलेला मी एकटाच.

हे काम बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. रविवारी उपासना संपली की वडीलजन म्हणतात, "तुमच्या पोरांची ती गिटार जरा आवरा. देवाला कमी ऐकू येत नाही." पोरे म्हणतात, "सर, ही गाणी आमच्या आजोबांच्या वेळची आहेत." आजोबांची तक्रार अशी, की गाणी जुनीच आहेत, पण चाल बदलली. आया म्हणतात, "तुमचं ऐकतो तो, तेवढं बारावीचं बघा." नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायला सगळे तयार, मेंढरू व्हायला एकही नाही. मंडळीचेही चित्र हेच आहे, पण ते बोलून दाखवायची सोय नाही. एकदा एका मुलाने मला विचारले, "सर, देव आहे हे कशावरून? लवकर सांगा, साडेपाचला ट्यूशन आहे." घड्याळात पाच पंचवीस झाले होते. संत थॉमस अक्वायनसने देवाच्या अस्तित्वाकडे जाणाऱ्या पाच वाटा सांगितल्या आहेत. म्हणजे वाटेला एक मिनिट. मी पहिल्याच वाटेवर होतो, तेवढ्यात तो सायकलवर बसून गेलासुद्धा.

वर्षाअखेर कमिटीला छापील तक्ता भरून द्यावा लागतो. हजेरी, कार्यक्रम, खर्च, आणि शेवटी एक रकाना : 'फलनिष्पत्ती'. या रकान्याने माझी बावीस वर्षे झोप उडवली आहे. मुले येतात, मोठी होतात आणि पुण्याला जातात. 'पुणे' हे काही त्या रकान्यात लिहिता येत नाही.

इथवर सगळे हसण्यावारी नेता येत होते. पण दोन वर्षांपूर्वी संघातला सगळ्यात चांगला मुलगा यायचा बंद झाला. रस्त्यात भेटला तेव्हा सरळ म्हणाला, "सर, मला यातलं आता काहीच खरं वाटत नाही. तुम्हाला वाटतं?"

मी लगेच "हो" म्हटले. जरा जास्तच लगेच म्हटले. 'चहा घेणार का' याला माणूस विचार न करता 'हो' म्हणतो, तसे ते निघाले. त्या रात्री प्रार्थनेला बसलो आणि काही आलेच नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडा वर यावा, तसे. दुसऱ्या दिवशीही तेच. महिना गेला. मजा अशी, की रविवारी पोरांसमोर मात्र माझी प्रार्थना खणखणीत चालू होती. बावीस वर्षांची सवय; जीभ आपली धावत होती. आता हे ढोंग म्हणायचे की चिकाटी? ज्याच्या डब्यातली भाकरी संपली आहे त्याने दुसऱ्याला वाढायला बसावे का? मोठ्या लोकांचे मोठे ग्रंथ आहेत, पण हा प्रश्न पडला तेव्हा त्यातला एकही उघडावासा वाटला नाही.

अशात धुळ्याहून निरोप आला. मे महिन्यात तरुणांचे शिबिर आहे, एक व्याख्यान द्या. विषय : 'विश्वासातील चिकाटी'. बायको म्हणाली, "जीव नसेल तर नाही म्हणा." पण नाही म्हणायलाही काही जीव लागतो. मी जातो म्हणालो. एका ओळखीच्या गृहस्थाने आपली जुनी जीप दिली. चालवणार कोण? लायसन असलेला एकच जण निघाला : यायचा बंद झालेला तो मुलगा. "मी फक्त ड्रायव्हर म्हणून येईन," त्याने आधीच बजावले.

सकाळी जळगाव सोडले. पाळधीला धरणगावचा फाटा लागला तसा माझ्यातला मास्तर जागा झाला. "हे बालकवींचं गाव." पोरांना 'औदुंबर' शाळेत होती, तेवढ्या आधारावर मी पुढे चालू ठेवले. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचे सोळा-सतरा वर्षांचे पोर तिथे कविता म्हणून गेले आणि 'बालकवी' झाले. त्याला पुढे नगरला आपल्या घरात नेऊन ठेवले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा सख्खी बायको दुरावली होती. लक्ष्मीबाई परत येईपर्यंत काही वर्षे गेली. वाट बघणे म्हणजे काय हे त्या घराला माहीत होते. 'स्मृतिचित्रे'त लक्ष्मीबाईंनी या ठोंबऱ्यांबद्दल आईच्या मायेने लिहिले आहे.

"मग ते ख्रिस्ती झाले?" गिटारवाल्याने विचारले.

"नाही."

"मग टिळकांनी त्यांना ठेवून काय मिळवलं?" हे ड्रायव्हरने विचारले, आरशातून माझ्याकडे बघत.

मी गप्प बसलो. टिळकांना आमच्या कमिटीचा तक्ता भरावा लागला असता तर त्यांनी शेवटच्या रकान्यात काय लिहिले असते? 'एक मुलगा आला. जेवला. कविता केल्या.' १९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेले, वय सत्तावीस. पुढच्या मे महिन्यात टिळकही गेले. तक्त्याच्या हिशेबाने सगळा तोटाच.

एरंडोल सोडले आणि पारोळ्याच्या अलीकडे जीप बसली. पंक्चर. स्टेपनी होती, पण तिच्यातही माझ्यासारखीच हवा नव्हती. ऊन असे, की सावलीसुद्धा झाडाला चिकटून बसलेली. ड्रायव्हर मुकाट्याने चाक काढून एका मोटरसायलवाल्यामागे बसून एरंडोलला परत गेला. जाताना स्वतःचा डबा माझ्या हातात देऊन गेला : "आईने जास्त दिलंय. खाऊन घ्या." कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. शेजारच्या शेतातून एक म्हातारे बाबा आले. "काय व्हयनं, भाऊ?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पाण्याची कळशी आणून ठेवली. मी भाकरी खाल्ली, पाणी प्यालो आणि निंबाखाली आडवा झालो. महिन्याभरात लागली नव्हती अशी झोप लागली. प्रार्थना केली नाही, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दोन तासांनी चाक आले. धुळ्याला पोचलो तेव्हा माझी वेळ टळून गेली होती. संयोजक म्हणाले, "सात मिनिटं आहेत, उरका." चाळीस मिनिटांचे टिपण खिशात होते. उभा राहिलो आणि एकदम एलीया आठवला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा. आणि त्यानंतर रानात एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही, 'तुझा विश्वास कुठे गेला' असेही विचारत नाही. आधी झोपू देतो. मग निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. पुढची चाळीस दिवसांची वाट त्यानंतर. हा भाग मी निदान तीस वेळा शिकवला असेल, पण भाकर माझ्या लक्षात आली नव्हती. मी नेहमी डोंगराकडेच बघत होतो.

एवढे सांगितले आणि तोंडातून निघून गेले, "मला स्वतःला महिनाभर प्रार्थना करता आलेली नाही. तरी रविवारी मी येतो. पोरं येतात म्हणून येतो. कधी कधी विश्वास दुसऱ्याच्या डब्यातला खावा लागतो."

टाळ्या पडल्या नाहीत. नंतर चहाच्या रांगेत एक तरुण पाळक शेजारी येऊन हळूच म्हणाले, "सर, माझे तीन महिने झाले." आम्ही दोघे काही न बोलता चहा प्यालो. बावीस वर्षांतली ती माझी बहुधा सर्वांत चांगली प्रार्थनासभा.

परतताना पोरे झोपली. ड्रायव्हरने विचारले, "म्हणजे त्या दिवशी मला 'हो' म्हणालात ते खोटं होतं?"

"अर्धं. ते 'हो' मला हवं होतं, एवढं खरं."

तो पारोळ्यापर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे तेव्हाच सांगायचं होतं ना, सर."

तो परत यायला लागला का, असे तुम्ही विचाराल. कधी येतो, कधी येत नाही. आला की मागच्या बाकावर बसतो आणि गात नाही. पोहरा माझा अजूनही काही दिवस कोरडा येतो. पण मी तो सोडतो.

त्या वर्षीच्या तक्त्यात फलनिष्पत्तीच्या रकान्यात मी लिहिले : 'एका मुलाने भाकरी दिली. चाक बदलले.' कमिटीने लेखी खुलासा मागवला आहे.