दरवाजाची काच

वडिलांच्या पश्चात त्यांची मारुती 800 माझ्याकडे आली. 2016 च्या पावसाळ्यात घोटीच्या अलीकडे, शेजारून जाणाऱ्या खडीच्या मालट्रकमधून उडालेल्या दगडाने तिच्या डाव्या बाजूच्या पुढल्या दरवाजाची काच फुटली, तेव्हा त्या गाडीचे उत्पादन बंद होऊन दोन वर्षे उलटून गेली होती. नवी काच मिळाली असती. पण आमचे मिस्तरी म्हणाले, "काका, भंगारात शाबूत काच मिळेल, आणि ती मूळचीच असेल," आणि त्या 'मूळचीच' या शब्दामुळे असेल, मी त्यांच्याबरोबर अंबड-सातपूर लिंक रोडवरच्या भंगार बाजारात गेलो. सातपूरच्या कारखान्यात नव्या गाड्या घडतात, आणि तिथून हाकेच्या अंतरावर जुन्या गाड्यांचे अवयव सुटे होत, ही नाशिककरांच्या नित्य परिचयाची गोष्ट होती. तिच्याकडे थांबून पाहण्याचा प्रसंग मात्र मला तोवर आला नव्हता.

आमच्याच गाडीच्या रंगाची एक गाडी तिथे चाकांवाचून विटांवर उभी होती. इंजिन गेले होते, आसने गेली होती, डावा दरवाजा मात्र जसाच्या तसा होता. मिस्तरींनी खिशातून एक चिंधी काढली, काच वरखाली करण्याच्या हँडलमागे ती घातली आणि दोन्ही टोके धरून ती करवतीसारखी मागेपुढे ओढू लागले. चौथ्या-पाचव्या ओढीला हँडलमागची घोड्याच्या नालेच्या आकाराची बारीकशी क्लिप टचकन उडाली, आणि ती हरवू नये म्हणून त्यांनी डाव्या तळहातात अचूक झेलली. मग दरवाजाचे पॅड क्लिपांमधून एकेक करून सुटले, त्यामागचे डिंकाने चिकटवलेले प्लॅस्टिक सोलले गेले, आणि दरवाजाच्या पोटातली पोकळी उघडी पडली. हँडल पुन्हा तात्पुरते बसवून त्यांनी काच इतकी खाली घेतली की तिला विंडो मशीनशी जोडणारे बोल्ट पत्र्यातल्या भोकासमोर आले, दहा नंबरच्या पान्याने ते काढले, बाहेरची बिडिंग उचलली, आणि मला म्हणाले, "आता तुम्ही वरून धरा, पण कड कुठेही टेकवू नका." काच तिरपी करून, मागचा कोपरा आधी वर घेत, आम्ही दोघांनी ती बाहेर काढली. निजलेल्या तान्ह्या मुलाला कुशीतून काढून दुसऱ्याच्या हातात द्यावे, तितकी सावधगिरी त्या क्षणी आमच्या हातांत होती.

कड टेकवू नका, या सूचनेला कारण आहे. समोरच्या काचेत दोन काचांमध्ये चिकट पापुद्रा असतो. दरवाजाची काच मात्र सहाशे अंशांहून अधिक तापवून वाऱ्याच्या झोतांनी एकाएकी थंड केलेली असते. पृष्ठभाग आधी गोठतो, गाभा मागाहून आकसू पाहतो, आणि त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली व गाभा कायमचा ताणाखाली राहतो. या अंतर्गत विरोधातच तिचे बळ असते: सपाटीवर बसलेला बराचसा आघात ती सोसते, पण कडेला किंवा टोकाला कठीण वस्तूचा नेमका घाव बसून भेग त्या ताणलेल्या गाभ्यापर्यंत पोचली, की साचलेला सगळा ताण एका निमिषात मोकळा होतो आणि तिचे खड्यांएवढे हजारो तुकडे होतात. आमच्या काचेचे घोटीला झाले तेच.

ती काच हातात घेऊन उभा असताना माझ्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा रथातून आला असे सांगतो, तेव्हा नागसेन त्याला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, की या सर्वांहून निराळा असा कोणी रथ आहे. आणि प्रत्येक प्रश्नाला राजाला नाही म्हणावे लागते. त्याउलट कठोपनिषदाच्या रथात रथी बसलेला आहे: शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, इंद्रिये हे घोडे, आणि आत्मा त्याचा स्वामी. भारतीय चिंतनाचे हे दोन रथ शतकानुशतके शेजारी शेजारी धावत आले आहेत, आणि विटांवर टेकवलेल्या त्या गाडीपुढे उभे राहून मला वाटले की त्यांपैकी कोणता खरा, हे ठरवल्यावाचून ती काच घरी न्यावी कशी?

सरकारने या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन टाकले आहे. सरकारी दप्तरी गाडी म्हणजे तिचा चासी नंबर. काच, दरवाजा, आसन यांना त्या दप्तरात स्वतंत्र अस्तित्व नाही. 2021 च्या वाहन-मोडीच्या नियमांनंतर तर मोडीत काढण्याचे केंद्र, जमा केल्याचा दाखला आणि नोंदणी रद्द होणे, अशी सबंध उत्तरक्रियाच ठरवून दिलेली आहे. नागसेनाने विचारले असते, तर कारकुनाने बोट ठेवून त्याला रथ दाखवला असता. व्यवहाराला हे उत्तर पुरेसे आहे आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या आसनावर वडील वीस वर्षे बसले, त्या आसनाशी माझे जे नाते आहे, ते कोणत्या आकड्यात मावते?

त्या बाजारापासून थोड्याच अंतरावर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून, त्रिरश्मी डोंगर आहे. आपण त्याला पांडवलेणी म्हणतो. तिथल्या सतराव्या लेण्यातला शिलालेख सांगतो की ते लेणे उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा यवन, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने आईवडिलांप्रीत्यर्थ, आपला पुत्र धर्मरक्षित याच्यासह करवले, आणि आत चैत्यगृह व पाण्याच्या पोढी करवल्या. मिलिंदाच्याच जातीचा एक यवन, नागसेनाच्याच धर्माचा उपासक, 'मी' नावाची स्थिर वस्तू नाही असे शिकवणाऱ्या संघाला दान देतो, आणि दगडावर कोरतो मात्र बापाचे नाव, मुलाचे नाव आणि आईवडिलांची आठवण! शेजारच्या अठराव्या लेण्यातल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग धंबिक गावच्या लोकांची देणगी आहे, आणि ते चैत्यगृह पुरे केले भटपालिका नावाच्या स्त्रीने. अखंड कातळातून कोरलेल्या, ज्याचा एकही अवयव सुटा करता येत नाही अशा वास्तूलासुद्धा अनेकांच्या दानांची जोडणी होती.

मला यात विसंगती दिसत नाही, उलट माझ्या प्रश्नाचे उत्तर दिसते. नागसेन खरा आहे. सुट्या भागांच्या पलीकडे कोणतीही गाडी नाही, आणि वडिलांची गाडी म्हणून मी जिला कवटाळतो तिच्यातले टायर, क्लच, बॅटरी, किती तरी वस्तू त्यांच्या हयातीतच बदललेल्या आहेत. परंतु अनात्मवादातून बेफिकिरी निपजते, हे म्हणणे मला मान्य नाही. वस्तू अखेर माझी नाही, म्हणूनच ती शाबूत पुढे देण्याची जबाबदारी माझी आहे. ती माझीच असती, तर ती फोडण्याचाही हक्क मला असता. कोणा अनोळखी कुटुंबाने वर्षानुवर्षे त्या काचेतून पाऊस पाहिला असेल, आणि त्यांच्या हातून ती माझ्या हाती आली, तेव्हा मधल्या माणसाने चिंधी वापरली, पहारीचा घाव घातला नाही. त्या चिंधीत मला जितका धर्म दिसला, तितका पुष्कळ प्रवचनांतून मला दिसलेला नाही.

तो बाजार महापालिकेने 2017 च्या जानेवारीत पोलीस बंदोबस्तात हटवला. अनधिकृत बांधकामाचा कायदेशीर प्रश्न होता, आणि कायद्याविरुद्ध मी लिहिणार नाही. पण जिथे मोडलेल्याचे उपयोगी ते निवडून ठेवण्याचे कसब शेकडो हातांत होते, त्या हातांचे काय झाले हे कुणी विचारले असते, तर बरे झाले असते.

वाचकांना एकच विनंती आहे. जुनी गाडी मोडीत देताना तिच्या काचा आधी उतरवून घ्यायला सांगा. नीट जाणणाऱ्याला एका काचेसाठी अर्धा तास पुरतो. माझ्या गाडीच्या तीन दरवाजांच्या काचांच्या कोपऱ्यात एकच छापील खूण आहे, आणि चौथीची वेगळी आहे.